कानामागची भेग

मित्रांनो, जुन्या वस्तूंना आपली कहाणी सांगायची भारी हौस असते. जुनी छत्री सांगते, फाटकं पुस्तक सांगतं, तीन पायांची खुर्ची तर एकदा सुरू झाली की थांबत नाही. सगळ्यांचं रडगाणं एकच, की आम्हाला कुणी जपलं नाही. मीही एक जुनं हेल्मेट आहे, पण माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. मला फार जपलं. त्यापायी एका पोरीचा जीव जायची वेळ आली होती.

माझा जन्म कारखान्यातला. बाहेरून टणक कवच, आत पांढऱ्या दाण्यांचा जाड थर आणि त्याच्याही आत मऊ अस्तर. आमच्याच घाण्यातली काही भावंडं निवडून त्यांना उंचावरून लोखंडी ठोकळ्यावर आपटण्यात आलं. ती व्यवस्थित फुटली, म्हणून आम्ही बाकीचे पास झालो. आमच्या खानदानात परीक्षा अशी असते. हेल्मेटाचं आयुष्यात काम एकच, ते म्हणजे एक मार खाणं. डोक्याला बसणारा तडाखा आतले दाणे चिरडून घेऊन पचवतात, आणि त्यानंतर आम्ही निवृत्त. चिरडलेला दाणा पुन्हा फुगत नाही. बाहेरून आम्ही कितीही धडधाकट दिसलो, तरी दुसरा मार झेलायची ताकद आमच्यात उरलेली नसते.

हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे ज्या भल्या माणसांची गोष्ट येणार आहे त्यांच्यापैकी कुणालाच हे ठाऊक नव्हतं.

मला विकत घेतलं एका ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांनी. अर्ध्या गावाला गाडी शिकवलेला माणूस. आठवडाभर ते शिकाऊ मंडळींच्या शेजारी बसत. पायाखाली जादाचा ब्रेक असे आणि गाडी गोगलगायीच्या चालीने जाई. तोंड मात्र सुसाट. "क्लच! अहो, क्लच! क्लच आहे तो, पायपुसणं नव्हे!" शिकून गेलेली माणसं त्यांना बाजारात गाठून सांगत, की सर, अजून गाडी मागे घेताना तुमचा आवाज कानात ऐकू येतो. मास्तरांना ती स्तुती वाटायची. मलाही तेव्हा ती स्तुतीच वाटली होती.

सुट्टीच्या एखाद्या दिवशी मास्तर गावाबाहेरच्या रेसट्रॅकवर जात. शर्यत वगैरे काही नाही. आपली रोजची गाडी घेऊन यायचं आणि रस्त्यावर जे करता येत नाही ते तिथे नियमात राहून करायचं, एवढाच कार्यक्रम. तिथे त्यांच्या शेजारी शिकणारं कुणी नसे, म्हणून ते स्वतःवरच ओरडत. वळणापूर्वी "च्यक्" असा जिभेचा आवाज काढायची त्यांना सवय होती. मला वाटतं, त्यांच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे तास माझ्या आत गेले.

आता जरा जवळ येऊन ऐका. डोकं आत असलं की त्याची ऊब अस्तरात उतरते, घाम उतरतो, तेल उतरतं. हे सगळ्यांना माहीत असतं. आणखी काय काय उतरतं, ते कारखान्यातसुद्धा कुणाला माहीत नव्हतं.

एका सकाळी मोठ्या वळणावर मास्तरांचं मागचं चाक गवतावर गेलं. गाडी गरकन फिरली आणि चालकाच्या बाजूने टायरांच्या भिंतीवर आदळली. माझा उजवा कान दाराच्या खांबावर बसला. मी माझं काम केलं. दाणे चिरडले. कानामागे, कवचाच्या पोटात, केसाएवढी भेग गेली. बाहेर फक्त एक ओरखडा उमटला.

मास्तर स्वतःच्या पायांनी चालत गाडीबाहेर आले. त्यांनी मला काढलं, केस नीट केले आणि धावत आलेल्या माणसाला म्हणाले, "धन्यवाद हं. आपण कोण?"

धावत आलेला माणूस त्यांचा मेव्हणा होता.

डॉक्टरांनी सगळे फोटो काढून पाहिले आणि डोकं शाबूत आहे म्हणून सांगितलं. आठवण येईल हळूहळू, म्हणाले. ती काही आली नाही. मास्तर बोलायचे, जेवायचे, पेपर वाचायचे, पण बायकोला 'बाई' म्हणायचे आणि लहानग्या मुलीला 'आपण'. ओरडणं साफ बंद. खिडकीत बसून खाली गाड्या लावणाऱ्यांकडे कौतुकाने बघायचे. गाडी भिंतीला घासली तरी म्हणायचे, "होतं असं." शेजाऱ्यांना हा बदल पसंत पडला. "पूर्वी काय आरडाओरडा असायचा! आता किती निवळले!" असं जिन्यात भेटलेला प्रत्येक जण मास्तरांच्या बायकोला सांगायचा. ती घरी कपडे शिवायची. "हो ना," म्हणायची आणि तोंडात टाचणी धरायची, म्हणजे पुढे बोलावं लागू नये.

घरच्यांनी हरवलेला माणूस दवाखान्यात शोधला, गोळ्यांत शोधला, जुन्या फोटोंत शोधला. माझ्यात कुणी शोधला नाही.

मला जुन्या चादरींमागे कपाटात ठेवलं होतं. अंधार होता, पण मी एकटा नव्हतो. दुपारी शिलाईमशीन थांबलं की आतल्या शांततेत कुणीतरी हळूच म्हणायचं, "आरसा बघितला का?" माझ्या आत तोंड नाही, मित्रांनो. तरी ते म्हटलं जायचं. अशा वेळी बाहेर पावलं वाजायची आणि कपाटाच्या दारावर एक तळहात येऊन टेकायचा. तो मास्तरांचा असायचा. मला तो वजनावरून ओळखू यायचा.

"काही शोधताय का?" त्यांची बायको विचारायची.

"नाही, कुणीतरी हाक मारल्यासारखं झालं. माफ करा हं, बाई."

अशी बरीच वर्षं गेली. मुलगी मोठी झाली. चष्म्याच्या दुकानात लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढायला लागली. लहानपणापासून तिचं सगळंच धावतपळत, म्हणून घरात तिला घाईबाई म्हणत. या घाईबाईने एक जुनी छोटी गाडी घेतली आणि त्याच रेसट्रॅकवर पहिल्यांदाच येणाऱ्यांसाठी ठेवलेल्या दिवसाला आपलं नाव दिलं. घरात वादळ झालं. मी कपाटातून ऐकत होतो.

"तू जाणार नाहीस," आई म्हणाली.

"आई, नाव देऊन झालंय."

"मग काढून घे."

"बाबा जायचे ना?"

"जायचे. आलेत का अजून परत?"

शेजारच्या खोलीतून मास्तरांचा नम्र आवाज आला, "मी इथेच आहे. काही हवंय का आपल्याला?"

मग आईनेच येऊन कपाट उघडलं, चादरी बाजूला केल्या आणि मला बाहेर काढलं. "जायचंच असेल तर हे घालून जा. दुसरं कुठलंही चालणार नाही. याने एकाला वाचवलंय."

झालं ते इथे, मित्रांनो. मला बाहेर काढणारा हात द्वेषाचा असता तर निभावलं असतं. घाईबाईच्या मामाचं गाड्यांना रंग द्यायचं गॅरेज होतं. तो मला हातात फिरवून म्हणाला, "बरोबर बोललीस, ताई. अनुभवी माल आहे!" माझा अनुभव हाच माझा रोग होता, पण हेल्मेटाला नाडी नसते, की कुणी ती बघावी.

मामाने मला प्रेमाने गॅरेजमध्ये नेलं. ओरखड्यात पुट्टी भरली, पॉलिशपेपरने घासली आणि वर लाल रंगाचा स्प्रे मारला, तोही एकावर एक. रंगातलं थिनर आत झिरपलं आणि उरलेसुरले दाणेही मऊ पडले. मी इतका चकचकीत झालो, की मामाला माझ्यात स्वतःचं तोंड दिसायला लागलं, आणि त्याला ते आवडलं. आईने जुनं अस्तर उसवून मापात नवं शिवलं. शिवताना तिने मला मांडीवर घेतलं होतं. टाका घालता घालता तिचा हात आत थबकला. आत ऊब होती. इतक्या वर्षांनी, चादरींमागच्या गारठ्यातून आलेल्या वस्तूत ऊब होती. तिने हात पटकन काढला, मग जरा वेळाने पुन्हा आत घातला आणि तसाच राहू दिला.

घाईबाईने मला पहिल्यांदा घातलं ते आरशासमोर. स्वयंपाकघरातली ताटली स्टिअरिंगसारखी धरून ती खुर्चीत बसली आणि कल्पनेतली गाडी चालवू लागली. थोडं गेल्यावर तिच्या जिभेने "च्यक्" केलं. मग ती म्हणाली, "आधी ब्रेक, मग वळण! उलटं केलंस तर भिंत करेल तुला सरळ!"

आतून भांडं पडल्याचा आवाज आला. आई दारात उभी होती. "कोण बोललं?"

"मी."

"तू?"

घाईबाईने माझी काच वर केली. तिचा चेहरा उतरला होता. "मीच असणार," ती म्हणाली. "दुसरं कोण आहे इथे?"

त्यानंतर तयारी जोरात सुरू झाली. मामाने गाडी जॅकवर घेतली. ब्रेक ऑइल बदललं, पॅड नवे घातले, चाकांचे नट पान्याने आवळून पुन्हा तपासले. "हे बघ," तो गाडीखालून बजावायचा, "तिथे पहिल्या दिवशी कुणी बक्षीस देत नाही. सगळ्यांना वाट दे. मागून कुणी आलं तर हात करून पुढे सोड. मान खाली घालून गेलीस आणि मान वर करून आलीस, की झालं." गाडीतलं सुटं सामान काढायचं होतं. छत्री, पायपुसणी, पाण्याच्या बाटल्या, सीटखाली हरवलेला कुणा गिऱ्हाइकाचा चष्मा, सगळं निघालं. जोरात ब्रेक लागला की अशीच एखादी वस्तू उडून माणसाला लागते, असं मामा समजावत होता, आणि त्या वेळी त्याच्या भाचीच्या डोक्यावर मी होतो.

हो, डोक्यावर. ती मला आता काढेनाशी झाली होती. गाडीखाली झोपून ब्रेक बघताना मी डोक्यावर, चाकांत हवा भरताना मी डोक्यावर. "मानेला सवय व्हायला हवी," ती लोकांना सांगायची. खरं कारण वेगळं होतं. ती आत बोलायची.

"बाबा, तिसऱ्या वळणाला?"

"उजवीकडचं वाकडं झाड दिसलं की पाय सोड. घाई नको."

ती त्या ट्रॅकवर कधी गेली नव्हती. तिने मामाला झाडाबद्दल विचारलं. मामा हसत हसत म्हणाला, "आहे की, वाकडंच आहे," आणि मग त्याचं हसू अर्ध्यातच थांबलं. "ऐकलं असशील कुठेतरी," असं म्हणून तो पुन्हा गाडीखाली गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

पुढे पुढे ती जेवायलाही मला घालून बसू लागली. आईने हे चालवून घेतलं. मला वाटलं होतं ती रागावेल. पण एका दुपारी ती खुर्ची जवळ ओढून कुजबुजली, "विचार ना त्यांना, जुन्या ट्रंकेची किल्ली कुठे ठेवलीय?"

माझ्या आतून उत्तर आलं. घाईबाईने ते मोठ्याने सांगितलं, "घड्याळाच्या मागे, खिळ्याला." किल्ली तिथेच होती, गंजलेली. तेव्हापासून आई रोज काहीतरी विचारायची. किल्ल्या संपल्यावर ती नुसतंच विचारायची, आज भाजी कशी झालीय. टेबलावर वडील दोन होते. त्यातला एक लाल चकचकीत काचेआडून भाजीला नावं ठेवायचा आणि दुसरा समोर बसून मुकाट्याने ती खायचा आणि म्हणायचा, "फार छान झालीय, बाई." त्याच्याकडे कुणी बघत नसे.

आणि मी? मला ठाऊक होतं की कानामागे भेग आहे, की ट्रॅकवर एक जरी तडाखा बसला तर तो सरळ या पोरीच्या डोक्यात जाणार. पण मला स्वतःचा आवाज नाही. माझ्या आत जो बोलायचा त्याला भेगेचा पत्ता नव्हता. तडाखा बसला तो देहाला, आणि तो देह समोर बसून भाजी खात होता. बोलणारा माझ्यात होता आणि मार आठवणारा बाहेर. दोघांची गाठ पडल्याशिवाय हे कुणाला कळणार नव्हतं.

ट्रॅकच्या दिवशी सकाळी सगळे निघाले. मास्तरांना घरी एकटं ठेवता येत नव्हतं, म्हणून तेही आले. छताखालच्या एका कप्प्यात गाडी उभी राहिली. मास्तर घडीच्या खुर्चीत बसले. येणाऱ्याजाणाऱ्याला "या, बसा," म्हणत होते. बसायला दुसरी खुर्ची नव्हती.

गणवेशातला तपासनीस आला. त्याने ब्रेक दाबून पाहिला, बॅटरी हलवून पाहिली, नटांवर हात फिरवला. मग मला उचललं, पट्टा ओढला, कवचावर बोटाने टकटक केली. पुट्टीने त्याला छान भरीव उत्तर दिलं.

"नवं दिसतंय."

"आजच्यासाठी खास केलंय," मामा छाती काढून म्हणाला.

मागे गाड्यांची रांग होती. तपासनिसाने माझ्या कपाळावर पास झाल्याचा गोल कागद चिकटवला आणि पुढे गेला. त्या कागदाची खरी किंमत मला माहीत होती. आमच्या खानदानात असा कागद मिळवायला भावंडं फुटावी लागतात.

मग सूचनांचा तास झाला. पिवळा झेंडा म्हणजे जपून, लाल म्हणजे सावकाश परत या. घाईबाई परत आली तेव्हा तिच्या गटाची वेळ जवळ आली होती. बुटाची नाडी बांधायला ती गुडघ्यांवर बसली आणि मला मास्तरांच्या मांडीवर ठेवत म्हणाली, "बाबा, जरा धरा."

"अवश्य."

त्यांनी मला फिरवून पाहिलं. आत डोकावले. दुकानात टोपी घालून बघावी तसं, कुणाला काही कळायच्या आत, त्यांनी मला डोक्यावर चढवलं.

नवं अस्तर मुलीच्या मापाचं होतं. तरी मी बसलो, बरोबर बसलो. आत आणि बाहेर एकाच वेळी एक मोठा श्वास घेतला गेला.

"हे कुणी रंगवलं?"

आवाज असा आला, की शेजारच्या कप्प्यातला माणूस दचकून क्लचवरून पाय काढून गाडीबाहेर उभा राहिला. मामाच्या हातून पाना पडला.

"मेव्हणे, तुमचंच काम ना हे? ओघळ आलाय हनुवटीपाशी! आणि पुट्टी कशाला भरलीत? इकडे या. उजव्या कानामागे अंगठा दाबा. दाबा म्हणतो ना, लोण्यात बोट घालताय का?"

मामाने दाबलं. कवच आत गेलं आणि बारीक "कट्" असा आवाज झाला. लाल रंगावर केसाएवढी रेघ उमटली. मामा त्या रेघेकडे बघत राहिला आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

"ऐकलंत? हे मेलंय. त्या दिवशीच मेलं, माझ्याऐवजी. मी फुटताना ऐकलंय त्याला. आणि तुम्ही हे मढं सजवून माझ्या पोरीच्या डोक्यावर ठेवता?"

"बाबा," घाईबाई म्हणाली. ती गुडघ्यांवरच होती, नाडी तशीच हातात. "बाबा, तुम्ही आलात."

"आलो म्हणजे? होतोच. तुझ्या कानाशी बोंबलून बोंबलून घसा बसला माझा. मागच्या चाकात हवा जास्त आहे, कमी कर."

"करते. तुम्ही हे काढू नका."

"काढू नको? आणि असाच फिरू, परग्रहावरच्यासारखा?"

"फिरा ना. कोण काय म्हणतंय? घरातच घालून बसा. मी नाही घालणार, शपथ. मी दुसरं घेते."

"आज म्हणशील, दुसरं घेते. उद्या म्हणशील, एकच फेरी, बाबा, शेवटची. ए घाईबाई, तुला मी ओळखत नाही होय? तुझ्या सायकलचं सीट मागून धरून मी पळालोय."

तेवढ्यात आई पुढे आली. तिने तोंडात टाचणी धरलेली नव्हती. "मग तिला नका देऊ. तुम्हीच घाला. रोज थोडा वेळ. मी नीट ठेवीन, कपड्यात गुंडाळून ठेवीन."

मास्तरांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "आणि याचं काय? हा जो गृहस्थ इथे राहतो, तुझ्या भाजीला छान म्हणतो, त्याचं काय? रोज थोडा वेळ त्याला बाहेर उभं करणार? इतकी वर्षं कपाटाच्या दाराशी उभा राहिलाय बिचारा. बस झालं."

आईने थर्मासचं झाकण काढून त्यात चहा ओतला, माझी काच वर केली आणि झाकण आत सरकवलं. "चहा तरी घेऊन जा."

ते प्यायले. "साखर कमी आहे."

"डॉक्टरांनी सांगितलंय."

"त्या डॉक्टरला क्लच तरी कळतो का?"

आई हसली की रडली, ते मला काचेतून नीट दिसलं नाही. वाफ होती.

मास्तरांनी हनुवटीखाली हात घातला आणि पट्टा सोडला. कुणीही त्यांना थांबवलं नाही. त्यांनी मला काढलं, केस नीट केले, इकडेतिकडे पाहिलं आणि अदबीने मला घाईबाईपुढे धरलं. "हे आपलं का?"

तिने मला दोन्ही हातांनी घेतलं. आत अजून ऊब होती आणि ती तिला लागत होती. तिच्या गटाच्या गाड्या सुरू व्हायला लागल्या होत्या. मला त्या क्षणी वाटलं, ती घालणार. तिचे अंगठे पट्ट्याच्या टोकांवर गेलेसुद्धा. आणि मी खोटं कशाला बोलू, मित्रांनो, मलाही ते हवं होतं. हेल्मेटाला डोकं हवंच असतं.

ती उठली आणि मला घेऊन तपासनिसाकडे चालत गेली. "याला भेग आहे," ती म्हणाली. "मला भाड्याचं द्या."

त्या ट्रॅकवर एक रीत आहे. मेलेलं हेल्मेट अख्खं फाटकाबाहेर जाऊ देत नाहीत, कारण अख्खं गेलं की कुणीतरी माया करून ते पुन्हा घालतं. तपासनिसाने मला टेबलाला बसवलेल्या वायसच्या जबड्यात आवळलं आणि करवत लावली. पहिल्या फटक्यालाच रंगाखालचे दाणे पिठासारखे भुरभुरले. "हे घालून गेली असतीस," एवढंच तो म्हणाला आणि त्याने स्वतःच चिकटवलेला गोल कागद नखाने खरवडून काढला. आत इतके दिवस बडबडणारा एकदम गप्प झाला होता. परीक्षेच्या दिवशी शिकाऊ माणसाला गाडीत एकट्याला सोडून मास्तर कडेला उभे राहायचे, तेव्हा ते असेच गप्प असायचे.

घाईबाई भाड्याचं हेल्मेट घालून गेली. त्याला परक्या घामाचा वास होता आणि आत कुणी नव्हतं. ती सगळ्यांना वाट देत, सगळ्यांच्या मागून गेली. मी टेबलावर पडल्या पडल्या तिची गाडी ऐकत होतो. प्रत्येक वळणाआधी ब्रेक, मग वळण. एकदाच तिचं मागचं चाक किंचित सरकलं. तिने पाय अलगद सोडला आणि गाडी सरळ केली. मी श्वास रोखला होता, अर्ध्या मापाचा का होईना.

ती परत आली तेव्हा मास्तर खुर्चीतून उठून टाळ्या वाजवत होते.

"फार सुरेख चालवता आपण. कुणी शिकवलं?"

घाईबाईने परकं हेल्मेट काढलं. आईकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "माझ्या बाबांनी," ती म्हणाली.

"भले गृहस्थ दिसतात."

"ओरडायचे फार."

"असं?" मास्तरांना वाईट वाटलं. मग त्यांनी आपली खुर्ची झटकून तिच्यापुढे केली. "दमला असाल. बसा." आणि ती खरंच त्यांच्याजवळ बसली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती त्या गृहस्थांकडे बघत होती.

माझा एक अर्धा भाग आता तपासणीच्या खोलीत भिंतीवर टांगलेला आहे. नव्याने येणाऱ्यांना तपासनीस माझे चिरडलेले दाणे दाखवतो. दुसरा अर्धा कुठे टाकला मला माहीत नाही. त्या बाजूने मला गार लागतं.

तर मित्रांनो, विनंती एवढीच. छत्रीला जपा, पुस्तकाला जपा, खुर्चीला चौथा पाय लावा. पण ज्याने तुमच्यासाठी एकदा मार खाल्ला आहे त्याच्यावर रंग चढवून त्याला पुन्हा डोक्यावर घेऊ नका. त्याला कापा, आणि रडायचं असेल तर कापून झाल्यावर रडा. आणि कधी इकडे आलात तर मला लांबून बघा. गंमत म्हणून डोकं आत घालू नका. अर्धा असलो, तरी मी अजून बसतो.